मासोळीचं माहेर

“पान्यात हात घालायच्या आधी काठावर उभी राह्य. मासोळी कुठं उभी हाये ते पाह्य. मंग काय करायचं ते कर.”

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सोनबोडी तळ्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, पाऊल ठेवलं की हेमकलाला हा आवाज हटकून ऐकू यायचा. त्यात दरारा नव्हता. जात्यावर बसलेली बाई शेजारणीशी बोलते तसा तो सहज यायचा, आणि हेमकला थांबायची. पदर खोचलेला, एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात चिमूटभर हळद. पाण्याशी दिवा ठेवायचा, ओंजळभर पाणी उचलून पाण्यालाच परत द्यायचं, आणि मगच तोंडात घास घालायचा, असा तिचा नेम होता. नवरा गेला त्या दिवशीही तो चुकला नव्हता. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. तिला मात्र त्या दिवशी पाण्यानेच धरून ठेवलं होतं.

सोनबोडी हे तळ्याचं नाव, आणि तळ्यावरून गावाचं. भंडारा-गोंदियाकडच्या तळ्यांच्या मुलखात अशी गावं पावलोपावली आहेत. तळ्याचा ठेका मासेमारी करणाऱ्या ढिवर बायकांच्या संस्थेकडे होता आणि हेमकला दिघोरे संस्थेची अध्यक्ष होती. अध्यक्ष म्हणजे भांडणाच्या वेळी सगळ्या जणी जिच्याकडे तोंड करून बोलतात ती. हेमकला हळू बोलायची. तिचं ऐकायचं तर बाकीच्यांना गप्प बसावं लागायचं, म्हणून भांडणं लवकर मिटायची.

एक भांडण मात्र मिटत नव्हतं, आणि ते होतं रोगाशी. थंडी पडली की रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठत. चट्ट्याची जखम होई, जखम खोल जाई, आणि एखाद्या सकाळी धुकं उचललं की पाळीला पांढरी पोटं लागलेली दिसत. मग दुकानातून औषधाची पुडी यायची, कोंड्यात आणि ढेपेत कालवली जायची आणि टोपल्यांनी पाण्यावर भिरकावली जायची. आधी गुण येत असे. पुढे पुडी वाढवावी लागली, आणि त्याच्याही पुढे पुडी आणि माती यांत फरक राहिला नाही.

त्या सुमारास मत्स्यकेंद्रातून नियती भोयर नावाची डॉक्टर आली. माशांची डॉक्टर. पाळीवर चवाळं अंथरून बायकांमध्ये बसली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, “तापाने फणफणलेला माणूस पोटभर जेवतो का?”

“जेवते कसा? पेज बी उतरत नाही,” दुर्पता म्हणाली. दुर्पता ही संस्थेतली सगळ्यात वयस्क. तिच्या तोंडाला फाटक नव्हतं.

“मग आजारी मासा तरी का खाईल? तुम्ही औषध खाद्यातून देता. आजारी मासा खाद्याकडे फिरकतच नाही. ते खातो धडधाकट मासा. ज्याला नको त्याच्या पोटात औषध, ज्याला हवं तो उपाशी. उरलंसुरलं तळाच्या गाळात जातं. गाळातले जंतू ते रोज थोडं थोडं चाखतात. काही मरतात, काही तगतात. जे तगतात त्यांना ते औषध पचायला लागतं, आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते.”

“म्हन्जे आमी जंतूंची शाळा चालवत होतो म्हना की.”

“खिचडीसकट,” डॉक्टर हसून म्हणाली. मग तिचं हसू विझलं. “आणि हेच जंतू आपल्याही जखमेत शिरतात. दवाखान्यात आता जोरकस औषध मागितलं तर डॉक्टर चारदा विचार करतात, कुलपातून काढतात. ते उगाच नाही.”

हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षांत अशी औषधं देवघरातल्या सोन्यासारखी जपली जात होती. साध्या तापाला दवाखान्यातून विश्रांतीची चिठ्ठी मिळायची, तीही शिक्का मारून.

मग डॉक्टरने ऊबघराची गोष्ट सांगितली. माणसाला ताप येतो तेव्हा शरीर स्वतःच आतून आच लावतं. माशाकडे अशी चूल नाही. पाणी जितकं गार, तितकं त्याचं रक्त गार, आणि रक्त गार झालं की अंगातली रोगाशी लढणारी फौज पेंगायला लागते. पण मासा वेडा नाही. दुखणाईत मासा आपणहून ऊन पाणी शोधतो. जो ताप आत पेटत नाही, तो बाहेरून अंगावर घेतो. चार-पाच अंशांची ऊब मिळाली की फौज जागी होते, जखम भरू लागते, आणि तो पुन्हा गार पाण्यात आपल्या वाटेने निघून जातो.

“पण पुसाच्या थंडीत ऊन पानी आनावं कोठून?” हेमकलाने विचारलं.

“ते मी आणते,” डॉक्टर म्हणाली.

आणि तिने आणलं. तळ्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, दगडी पायऱ्यांशी, पाण्यात गुरांच्या गोठ्यासारखं कुंपणाचं एक वाडगं उभं राहिलं. वर काळ्या नळ्या, त्यांच्याखाली मेणाने भरलेल्या पेट्या. दिवसभर उन्हात मेण वितळायचं, आणि रात्री गोठता गोठता पोटातली ऊब पाण्याला देत राहायचं. दाराशी मऊ पारदर्शक पट्ट्यांचा पडदा. मासा डोक्याने पट्टी सारून आत येई, मनात आलं की बाहेर जाई. दारावर कॅमेऱ्याचा एक छोटा डोळा बसवला होता. प्रत्येक माशाच्या खवल्यांची ठेवण वेगळी असते, आपल्या अंगठ्यासारखी. ती पाहून डोळा ओळख ठेवायचा. कोण आलं, कोण गेलं, कोणाची जखम किती भरली, सगळं पाळीवरच्या खोपीतल्या यंत्राच्या पडद्यावर दिसायचं.

कागदावर त्याचं नाव ऊबघर होतं. पण पहिल्या हिवाळ्यात, धुक्याची वाफ त्या कोपऱ्यावरून उदासारखी वर चढत असताना, एक रोहू हळूच पट्टी सारून आत शिरला आणि तळाशी जाऊन निश्चल उभा राहिला. सारा जन्म पोहण्यात गेलेल्या जिवाला नुसतं उभं राहायला मिळालं होतं. ते पाहून हेमकला आपल्याशीच म्हणाली, “हे तं माहेर हाये.”

तेच नाव पडलं. नावामागून नेम आले. माहेरात जाळं टाकायचं नाही. गळ नाही, खाद्य नाही, पुडी नाही. उलट्या सावल्या पडतात म्हणून काठावर मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही, असं दुर्पताने आपल्या पदरचं घातलं. उलट्या सावल्यांचं कोणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी पाळलं.

पाळीला पांढरी पोटं लागेनाशी झाली. पुडीचं दुकान पुढे मोबाइल दुरुस्तीचं झालं.

माहेराची देखरेख हेमकलाच्या सुनेकडे आली. तृषा तिचं नाव. हेमकलाच्या मुलाशी, चेतनशी, लग्न होऊन सोनबोडीत आली तेव्हा बारावी होऊन पुढे शिकत होती. चेतन हैदराबादकडे गोदामातली यंत्रं चालवायला गेला, तो सणासुदीला येई. तृषाने मत्स्यकेंद्रात जाऊन शिकून घेतलं आणि खोपीतल्या पडद्यासमोर ती अशी बसू लागली, जणू कोणाचं पत्र वाचते आहे. माशांची ती नावं ठेवायची. तुटक्या परांची एक थोराड रोहू होती, तिला ती ‘मावशी’ म्हणे. “आई, मावशी आल्या आज,” असं घरी येऊन सांगे, आणि हेमकला भाकरी थापता थापता म्हणे, “चहा दे म्हना त्यायले.”

दोघींचं बरं चाललं होतं. सासूसुनांचं जितकं बरं चालतं तितकं.

मग बाजार बदलला. शहरातल्या बायका मासा विकत घेताना त्याच्यावर फोन धरू लागल्या. फोन खवले ओळखायचा आणि त्या माशाचा सगळा जन्म सांगायचा. कुठल्या तळ्यातला, औषध खाल्लेला की न खाल्लेला, ऊबघरात गेलेला की न गेलेला. औषध न खाल्लेल्या माशावर उड्या पडल्या. पण ऊबघरात जाऊन आलेल्या माशाकडे बायका नाक मुरडून पाहत. आजारी होता ना तो? डॉक्टर नियती जीव तोडून सांगायची, की जो ऊबघरातून बरा होऊन आला तोच सगळ्यात कणखर. ऐकतो कोण?

“माहेरी जाऊन आली म्हनून बाटली का?” दुर्पता फणकारली. “मंग आमी साऱ्याच बाटलो.”

तळ्यांचा माल एकदम उचलणाऱ्या कंपनीने नियमच केला. तपासणीच्या दिवशी ऊबघर रिकामं हवं. रिकामं असेल तर तळ्याच्या मालाला कंपनीची मोहर, नाही तर त्या हंगामापुरतं तळं बाद. मोहर नसलेला माल मग डोक्यावर टोपल्या घेऊन आठवडी बाजारात विकायचा, उन्हातान्हात, मिळेल त्या भावात. बायकांच्या वर्षभराच्या कष्टांचा जीव त्या एका मोहरेत अडकला.

आजूबाजूच्या गावांनी तोड काढली. पट्ट्यांच्या पडद्यामागे एक फळी असायची, पावसाळ्यात गढूळ पाणी आत येऊ नये म्हणून. काठावरची दोरी सोडली की फळी खाली बसे आणि दार बंद. तपासणीच्या आधी माहेरातले मासे बाहेर हुसकावायचे आणि फळी टाकायची. डोळ्याला काही दिसत नाही, कंपनीला काही दिसत नाही. मासे गार पाण्यात विखुरतात. मग त्यांचं काय होतं, ते मोहर लागल्यावर पाहायचं.

त्या वर्षी थंडी कडक पडली. सकाळी पाळीवरचं गवत पांढरं व्हायचं. माहेर भरून गेलं, आणि त्याच थंडीत तृषालाही बारीक ताप येऊ लागला. येई, जाई, पुन्हा येई. दवाखान्यातून शिक्क्याची चिठ्ठी मिळाली: विश्रांती, हलकं अन्न, पाण्यात उतरू नये. चिठ्ठी खुंटीला लटकली. तृषा सकाळी तापाची गोळी घेई, घामाघूम होई, आणि अंग गार पडलं की तळ्यावर जाई. हेमकला म्हणायची, “आज नको जाऊ वं.” पण म्हणता म्हणता तिच्या हातात टोपली द्यायची. म्हणणं खोटं नव्हतं, आणि टोपलीही खोटी नव्हती. हंगाम तोंडावर आला होता.

नदीपल्याडच्या मोहटोल्याहून तृषाच्या आईचा फोन आला. ती गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली बाई. “चार दिवस पाठवा जी पोरीले. माझ्याजवळ झोपल तं बरी होईल.”

“पाठवतो नं. मुराळी येऊ द्या कोनी,” हेमकला म्हणाली.

तिच्या मनात काळंबेरं नव्हतं. तिच्या घरात चालत आलेली रीतच ती. लेकीला न्यायला माहेरचा कोणी यावा, भाऊ, बाप, निदान चुलता; पाटावर बसावा, गोडधोड खावं, आणि मग लेक त्याच्या मागे निघावी. मुराळ्याशिवाय निघाली तर ती रुसून गेली, असं लोक धरतात. पण तृषाला भाऊ नव्हता आणि बाप गेलेला. मोहटोल्यात यायला कोणी नव्हतंच. फोनवर दोघी बाया मग हवापाण्याचं बोलल्या.

त्या संध्याकाळी खोपीत पडद्यासमोर बसलेली तृषा सहज म्हणाली, “माशांना मुराळी लागत नाही, नाही का आई?”

तिच्या आवाजात काटा नव्हता. असता तर हेमकलाने काढून टाकला असता. तिने कंदील पुसायला घेतला, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

तपासणीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी बायकांची बैठक बसली.

“दोरी सोडा आन् मोकळ्या व्हा,” दुर्पता म्हणाली. “पान्यात राहून माशाशी वैर नको हे मले बी समजते. पन कंपनीशी वैर करून खाऊ काय?”

“आत जखमी मासे आहेत,” तृषा म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती. “बाहेर पाणी फार गार आहे.”

“दोन-चार दिवसांचा सवाल हाये, पोरी. मरत नाही कोनी दोन-चार दिवसांत.”

“काही जण मरतात, दुर्पताबाई.”

 सगळ्यांनी हेमकलाकडे तोंड केलं. हेमकलाने डोळ्यांसमोर टोपल्या पाहिल्या, बाजाराची वाट पाहिली, दुर्पताच्या सुजलेल्या टाचा पाहिल्या. “सकाळी मी सोडतो दोरी,” ती हळूच म्हणाली. “माझं मी पाहतो.”

दुसऱ्या दिवशी ती नेमाच्या वेळेआधीच निघाली. निरांजन होतं, हळद होती, पण पाळीवर पाऊल ठेवल्यावर आवाज आला नाही. आला असेल तर तिने ऐकला नाही. धुकं इतकं दाट होतं, की तळं आणि आभाळ यांच्यामधली शिवण उसवून दोन्ही एकच झाली होती. पाय उचलावा तर तो पाण्यावर पडेल की ढगावर, हे कळू नये. पूर्वेच्या कोपऱ्यातून तेवढी वाफ उठत होती, संथ, गाभाऱ्यातून धूप निघावा तशी. वाफेच्या आत कोणीतरी बसलं होतं.

तृषा होती ती. शेवटच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसलेली, गुडघ्यांपर्यंत पाय माहेरच्या पाण्यात. कपाळ गुडघ्यांवर. तिच्या पायांभोवती माशांच्या काळसर पाठी नुसत्या उभ्या होत्या, हलत नव्हत्या. कोणी कोणाला भीत नव्हतं.

“इथं काय करतेस वं?”

तृषा दचकली नाही. “बरं वाटते इथं.”

“पायाले कुठं चिरलं-बिरलं तं नाही? दुखन्याचं पानी हाये ते.”

“नाही. आधी पाहिलं मी.”

“रोज येतेस?”

“तुम्ही दिवा लावून गेल्या की येते. आज तुम्ही लवकर आल्या.”

हेमकला पायरीवर उभी राहिली. “घरी सांगतीस तं पानी तापवून देल्लं असतं मी.”

“दिलं असतं,” तृषा म्हणाली. डोकं वर न उचलता, झोपेत बोलावं तसं. “मग मी बसले असते, आणि तुम्ही उभ्या राहिल्या असत्या. तुम्ही उभ्या राहिल्या की मला उठावं लागते, आई. इथं कोणी उभं राहत नाही माझ्यासाठी. सगळे आपापलं दुखणं घेऊन थांबलेले. कोणी विचारत नाही, केव्हा बरी होशील.”

हेमकलाने वाकून तिच्या कपाळाला हात लावला. हात भाजला. गोळी घेण्याआधीचं कपाळ तिने इतक्या दिवसांत कधी पाहिलंच नव्हतं. तिला दिसायची ती गोळीनंतरची, घाम पुसलेली, टोपली उचलणारी तृषा.

“फळी टाकायला आल्या ना?” तृषाने विचारलं. दोरी तिला दिसत होती. “टाका. मी उठते.”

आणि ती खरंच उठू लागली. एका हाताने पायरी धरून तिने एक पाय पाण्यातून काढला.  पाणी हललं, पाठी हलल्या, आणि त्या हालचालीत पलीकडे, दाराच्या पट्ट्यांशी, बाहेरून एक थोराड डोकं येऊन थांबलेलं हेमकलाने पाहिलं. तुटका पर. अंगावर लाल चट्टा. ती मावशी होती. तिने पट्टीला एकदा डोकं टेकवलं, मागे सरकली, पुन्हा टेकवलं. आत येण्याचंही त्राण उरलं नव्हतं तिच्यात.

हेमकलाने दोरीला हात लावला नाही. तिने निरांजन खाली ठेवलं, लुगडं गुडघ्यांवर घेतलं, आणि सुनेच्या शेजारी बसली. पाय पाण्यात सोडले. पाणी उबदार होतं, पोटाशी धरलेल्या लेकरासारखं. इतकी वर्षं तिने या पाण्याला दिवा दाखवला, पण त्यात कधी बसली नव्हती.

“बैस,” ती म्हणाली. “पाय घाल परत.”

तृषाने पाय घातला. दोघी बसून राहिल्या. मावशी तिसऱ्या वेळी पट्टी सारून आत आली आणि त्यांच्या पायांजवळून जाऊन तळाशी उभी राहिली. धुकं थोडं पिवळं झालं, मग केशरी. कुठेतरी पाणकोंबडी ओरडली आणि जणू आपलंच ऐकून गप्प झाली.

“तुझ्याकडून मुराळी कोन येईल?” हेमकलाने विचारलं.

“कोणी नाही. तुम्हाला ठाऊक आहे.”

“मंग मी येतो.”

तृषाने पहिल्यांदा मान वर केली. “तुम्ही सासू आहात, आई.”

“घरात सासू. वाटंवर मुराळी.”  असं ठसक्यात बोलायची हेमकलाला सवय नव्हती. “उद्याच्या पहिल्या गाडीनं. तुझ्या मायच्या दारात तुले नेऊन सोडतो. आन् तू निरोप धाडेपर्यंत आनाले येत नाही. फोन करून बी विचारत नाही, केव्हा येतेस म्हनून. हे पान्यावर हात ठेवून सांगतो.”

तिने पाण्यावर हात ठेवला.  तृषाचं डोकं हळूहळू हेमकलाच्या खांद्यावर आलं आणि जड झालं.

उन्हं वर आल्यावर हेमकलाने कंपनीच्या तपासणी साहेबांना फोन लावला. रहांगडाले त्यांचं नाव. भला माणूस, तोंडात सुपारी.

“साहेब, आज येऊ नोका. आमचं ऊबघर रिकामं नाही.”

“मग रिकामं करा ना बाई. दुपारपर्यंत वेळ आहे. सगळे करतात.” मग साहेबांना काहीतरी उमगलं असावं. सुपारी थांबली. “म्हणजे, मी काही म्हणालो नाही.”

“मी बी काही आयकलं नाही. पन दार आमी लावत नाही.”

“तळं बाद होईल या हंगामाला.”

“होऊ द्या.”

 मग साहेब जरा हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू? आत गेलेले सगळे बरे होतात का हो?”

“सगळे नाही, साहेब. पन आत उभे राहतात.”

बायका चिडल्या. चिडणारच. दुर्पता तर पाळीवर पाय आपटत आली. “देवभोळेपना पुरे झाला तुझा. दिवे लावून पोट भरते का? आता डोईवर टोपली घेऊन मीच फिरू या टाचांनी?”

“तुमची टोपली मी उचलतो. परत आल्यावर.”

“परत? चाल्ली कुठं?”

हेमकलाने सांगितलं. दुर्पताने ऐकलं, तोंडाला पदर लावला, आणि पदराआडून तिचं हसू फुटलं, रागासकट. “सासू मुराळी. आता हे बी पाहून मर म्हन्ते देव मले.” ती खोपीच्या दाराशी बसली, सुजलेले पाय लांब केले, आणि पडद्याकडे संशयाने पाहू लागली. “ते काय म्हन्ते वं, ती लाल रेघ? चढली का उतरली म्हनायची?”

तृषाने सांगितलं. दुर्पताने पुन्हा विचारलं. दोघींचं ते चांगलंच लांबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेमकलाने निरांजन लावलं, पाण्याला पाणी दिलं. घरी आल्यावर तिने पाट मांडला. मुराळ्याला गोड खाऊ घालून पाठवायची रीत, म्हणून तृषाने रात्रीच रव्याचा शिरा केला होता, तापलेल्या हातांनी, सासू नको नको म्हणत असताना. हेमकला पाटावर बसली. सुनेने वाढलं, सासूने खाल्लं. दोघींनाही हसू येत होतं आणि दोघीही हसल्या नाहीत.

मग हेमकलाने नवऱ्याचा जुना पांढरा दुपट्टा पेटीतून काढून खांद्यावर टाकला. तृषाची पिशवी उचलली. तृषा म्हणाली, “आई, मी घेते,” तर तिने नुसती मान हलवली. गाडी पलीकडच्या फाट्यावर यायची होती आणि वाट तळ्याच्या पाळीवरून जात होती. धुकं होतंच. दोघी शेजारी शेजारी चालू लागल्या. चार पावलं गेल्यावर हेमकलाला आठवलं, की मुराळी शेजारून चालत नाही. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि हलकेच पुढे झाली.